काळा कडा, खारे पाणी

अकोटहून अंजनगावकडे निघाले की डाव्या हाताला गाविलगडचा डोंगर लागतो आणि तो पार परतवाड्यापर्यंत साथ सोडत नाही. नजरेत भरावे असे शिखर त्याला नाही. माथा पाणसळीने तपासल्यासारखा सपाट, आणि खाली येताना पायऱ्या: एक काळा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. पायथ्याशी येऊन मात्र तो एकाएकी संपतो. मध्ये टेकाडांची, घळींची फारशी रांग न लावता थोड्याच अंतरात संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते सुरू होतात. जमिनीचा इतका तुटक शेवट मी एरवी फक्त समुद्राकाठी पाहिला आहे.

कोकणातल्या एका मित्रापुढे हे बोललो तर तो हसत सुटला. अकोल्याहून समुद्र गाठायचा तर रेल्वेत आख्खी रात्र काढावी लागते, आणि तू मला किनारा कसला दाखवतोस? त्याचे हसणे रास्त होते. पण हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकावर उभा राहिलो होतो तेव्हा मला परक्या मुलखात आल्यासारखे वाटलेच नव्हते. लाटा नव्या होत्या, दगड आमचाच. तोच काळा, घट्ट, उन्हात तापणारा, फोडला तर कडेने सुरीसारखा धारदार होणारा. सह्याद्री आणि सातपुड्याचा हा भाग, दोन्ही एकाच लाव्ह्याचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा आला. आजही या दगडाने देशाचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलेला आहे. त्याची पश्चिमेकडची कड अरबी समुद्रात उभी आहे. आमच्याकडची कड तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांपुढे उभी आहे, एवढाच काय तो फरक, असे मी तेव्हा म्हणालो होतो. फरक तेवढाच नाही. पण साम्यही लोक समजतात त्यापेक्षा जास्त आहे, आणि ते साम्य चवीचे आहे. त्याकडे यायला अजून घाट उतरायचा आहे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना रस्त्यासाठी डोंगर जिथे कापला आहे तिथे गाडी थांबवावी. पर्यटक थांबतात ते वळणावरच्या दरीपाशी. माझे म्हणणे, दरीकडे पाठ करून भिंतीकडे पाहावे. खाली काळा, एकसंध पाषाण असतो. त्याला उभे तडे असतात, पण हाताला तो अभेद्य लागतो. त्याच्यावर दगडाचा रंग बदलतो: जांभळट, राखी, भोकाभोकांचा. ही भोके म्हणजे थिजताना लाव्ह्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. पुढे त्यांत पाणी झिरपले आणि पांढरे, गुलाबीसर स्फटिक भरून राहिले. नखाने खरवडले तर या दगडाचा भुगा हाताला लागतो. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा हातभर पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्याची माती होऊ लागली होती, तेवढ्यात वरून दुसरा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. म्हणजे त्या पट्ट्याच्या जाडीएवढा काळ इथे शांतता होती.

डोंगराच्या पायऱ्या याच हिशेबाने पडलेल्या आहेत. घट्ट थर झिजत नाही, तो कडा होऊन उभा राहतो. भोकांचा थर कुजतो, ढासळतो, त्याचा उतार होतो, त्यावर माती धरते आणि साग, मोह, तेंदू उभे राहतात. भीमकुंडाला पावसाळ्यात जो धबधबा कोसळतो तो घट्ट थराच्या ओठावरून कोसळतो आणि खालच्या मऊ थराला आतून पोखरतो. आधार गेला की वरचा ओठ कधीतरी एका दमात तुटतो आणि धबधबा हातभर मागे सरकतो. इथल्या खोल दऱ्या अशा मागे सरकत सरकत झाल्या आहेत. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. एवढे मोठे खणकाम पाहिल्यावर भीमापेक्षा लहान माणसाचे नाव सुचणे कठीणच.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. पायथ्याची शेते तिथून सातआठशे मीटर खाली. पाऊसही तसाच वाटून घेतलेला: वर पडतो त्याच्या निम्म्याच्या घरात खाली अकोल्याला. पण मला या माथ्याची जी गंमत वाटते ती पाण्याच्या वाटण्यांची आहे. धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपना, गडगा अशा नद्यांतून मेळघाटच्या जंगलातून तापीला मिळतो. धारेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस चंद्रभागा, शहानूर, सापन यांच्यातून खाली मैदानात उतरतो आणि पूर्णेला मिळतो. पूर्णा पश्चिमेला वाहत अकोला, बुलढाणा ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवपाशी तापीत शिरते. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब चिखलदऱ्याच्या माथ्यावर वेगळे होतात, एक जंगलाच्या वाटेने जातो, एक कपाशीच्या, आणि चांगदेवला पुन्हा भेटतात. तिथून पुढे सुरतेच्या बाजूने समुद्र. वऱ्हाडाला समुद्र नाही म्हणतात, पण वऱ्हाडाच्या या भागाचे पाणी जाते ते अरबी समुद्रातच.

या दगडावर माणसाने विसंबून राहायचे ठरवले त्याचा पुरावा म्हणजे गाविलगड आणि नरनाळा. मूळचे गड आणखी जुने असतील, पण गाविलगडाची मोठी बांधणी बहमनी सुलतान अहमदशाह वलीने १४२५ च्या सुमारास केली. पुढे अचलपूरच्या इमादशाहीने त्यात भर घातली. नरनाळ्याला महाकाली दरवाजा आहे, नऊगजी तोफ आहे. गाविलगडला दिल्ली दरवाजा, देवतलाव, मोठी मशीद. गडावर फिरताना एक गोष्ट लक्षात येते. दक्षिणेकडच्या बाजूला तट बांधणाऱ्यांनी फार घाम गाळलेला नाही. तिथे लाव्ह्यानेच तट बांधून ठेवला होता. सगळा जीव लावला आहे तो उत्तरेला, जिथे गड डोंगराच्या पठाराशी एका चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेला आहे.

आणि गड पडला तो तिथूनच. २९ नोव्हेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने आजच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवले. उरलेली फौज गाविलगडाच्या आसऱ्याला गेली. वेलस्ली स्वतः दक्षिणेला राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्याने मोठ्या तोफा घेऊन डोंगरातून वळसा घालून उत्तरेला पाठवले. रस्ता नव्हता. जंगलातून, नाल्यांतून तोफा ओढत ते लोक माथ्यावर आले, खिंडार पाडले, आणि १५ डिसेंबरला हल्ला चढवला. बाहेरचा कोट गेला, आतल्या कोटावर शिड्या लागल्या, किल्लेदार बेनीसिंह पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. शाळेत आम्हाला हे फितुरीच्या आणि पराक्रमाच्या भाषेत शिकवले. गडावर जाऊन पाहिले की ही गोष्ट भूगोलाची वाटते. सरळ उभ्या कड्याशी कोणी लढत बसत नाही. त्याला वळसा घालतात. नदीही तेच करते, आणि दगडाचा भरवसा धरणारा त्याच्या टणक बाजूकडे पाहत राहतो तेव्हा मऊ बाजूकडे त्याचे लक्ष नसते.

आता खाली.

घाट उतरले की पहिला पट्टा गोड पाण्याचा. डोंगरातून सुटलेल्या नद्यांनी पायथ्याशी येताच आपले ओझे टाकले: आधी मोठे गोटे, मग वाळू, मग रेती. या गोट्यावाळूत पाणी मुरते, खोल जाते, आणि विहिरीला गोड लागते. परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, अकोट ही गावे याच पट्ट्यात वसली हा योगायोग नाही. अंजनगावचे पानमळे, अचलपूर-चांदूर बाजारची संत्री, अकोटकडची केळी, सगळे या पाण्यावर. इतके उपसले आहे की बोअर आता शेकडो फूट खाली गेल्या, पण चव बदललेली नाही.

तिथून दक्षिणेला दर्यापूरकडे जा. पंचवीस-तीस किलोमीटर. झाडे विरळ होत जातात. संत्रा दिसेनासा होतो. कडुनिंब आणि बाभूळ उरतात. जमीन मात्र अधिकच काळी, अधिकच सपाट. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. आणि विहिरी ओस. पाणी आहे, वीस-तीस हातांवर आहे, पण खारे. हा आमचा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही तीरांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून तो पसरला आहे. सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावे धरली होती.

माझ्या मामाचे गाव त्यातले. लहानपणी उन्हाळ्यात तिथे गेलो की पहिला दिवस पोट बिघडण्यात जायचा. अंघोळीला साबण फेस द्यायचा नाही, अंगावर नुसता चिकट थर. केस राठ व्हायचे. चहात दूध टाकले की कधी कधी फाटायचे, म्हणून मामी दूध वेगळे तापवून अगदी शेवटी ओतायची. पण खरी अडचण वरणाची. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तासभर रटरटली तरी डाळ वेगळी आणि पाणी वेगळे, दाण्याची कड तशीच. ज्या मुलखात तूर इतकी चांगली पिकते तिथे ती शिजवायला पाणी बाहेरून आणावे लागावे, हा आमच्या पट्ट्याचा विनोद होता आणि तो रोज दुपारी व्हायचा. मामी त्यासाठी पहाटे नदीच्या पात्रात झिऱ्यावर जायची. वाळूत हातभर खड्डा, त्यात वाटीने पाणी गोळा करायचे, कपड्याने गाळून गुंडीत भरायचे. ती गुंडी स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात, झाकणावर पाटा ठेवून. पिण्याच्या माठाला आम्ही हात लावत असू, त्या गुंडीला नाही. वरणाचे पाणी वेगळे होते.

गावात एक म्हणणे होते, ते मी मामाच्या तोंडून ऐकले आहे: "घर पाहून पोरगी देऊ नोको बाप्पा, पानी पाहून दे." त्याच्या स्वतःच्या बायकोचे माहेर अंजनगावचे, गोड पाण्याचे. ती हे ऐकून नुसती मामाकडे पाहायची.

हे मीठ आले कुठून? गावातल्या जाणत्यांचे उत्तर ठरलेले: इथे आधी समुद्र होता. लहानपणी मलाही हे उत्तर फार आवडायचे. डोंगर एकाएकी संपतो, पुढे सपाट मैदान, पाणी खारे, यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे? समुद्राचा एखादा फाटा तापीच्या वाटेने आत घुसला असावा, असा विचार अभ्यासकांनीही करून पाहिला आहे. पण बहुतेकांचा कल आता तिकडे नाही. उरते ते उत्तर कमी भव्य आहे, आणि मला विचाराल तर जास्त चमत्कारिक.

गाविलगडच्या पायथ्याला जमीन खचलेली आहे. डोंगर वर राहिला आणि त्याच्या दक्षिणेचा भाग खाली बसला. तिथे जी खोलगट खाच झाली तिच्यात लाखो वर्षे डोंगराची झीज येऊन पडत राहिली. आज पूर्णेच्या काठी बोअर घेतली तर शेकडो फूट नुसता गाळ लागतो, दगड लागतच नाही. या गाळात एका ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचा पातळ थरही सापडला आहे. ती राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची समजली जाते. म्हणजे स्वतः लाव्ह्याचा असलेला हा मुलूख दुसऱ्याच्या ज्वालामुखीची राखही पदरात घेऊन बसला आहे.

आणि मीठ? ते कड्यातच होते. काळ्या पाषाणात सोडियम असते, त्या भोकांतल्या पांढऱ्या स्फटिकांतही असते. दगड कुजतो तेव्हा ते पाण्यात उतरते. कोकणात, घाटमाथ्यावर, एवढा पाऊस पडतो की ते धुऊन निघते आणि समुद्रात जाते. इथे तसे होत नाही. पाऊस थोडा, ऊन जबर, मैदान इतके सपाट की पाण्याला जायची घाई नाही, आणि माती इतकी चिकण की एकदा भिजली की खाली काही झिरपू देत नाही. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्यातून आणखी एक गोष्ट घडते. कोरड्या हवेत मातीतला चुना गोठून त्याचे पांढरे खडे बनतात. शेत नांगरताना जी चुनखडी वर येते ती हीच. चुना असा बाजूला पडला की मातीत सोडियमचे पारडे जड होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोमधल्या शास्त्रज्ञांनी वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर वर्षानुवर्षे काम करून हे दाखवले. शेतकऱ्याच्या भाषेत अशी जमीन चोपण. ओली असताना तिच्यात बैलाचा पाय रुततो, वाळली की कुदळ उसळते.

तेव्हा समुद्र आत आला नव्हता. समुद्राकडे जे जायचे ते जाऊ शकले नाही. मित्राला मी जे साम्य सांगत होतो ते इथे आहे: कोकणच्या खाडीत मीठ भरतीबरोबर बाहेरून येते, आमच्याकडे ते घरचेच, वाटेत अडकून पडलेले. जे ६.६ कोटी वर्षे झिजायला तयार नव्हते त्याचा कडा झाला. जे झिजले त्याची काळी माती झाली, जिच्यावर सबंध वऱ्हाड जेवतो, आणि मिठाचा वाटाही त्याच मातीबरोबर आला. कापसाची जमीन हवी पण खारे पाणी नको, असे म्हणायची सोय या दगडाने ठेवलेली नाही.

लोकांनी मात्र या मिठाचा उपयोग कधीच शोधला होता. अकोल्याच्या उत्तरेला दहीहंडा आहे. तिथल्या आणि आसपासच्या खाऱ्या विहिरींचे पाणी काढून, वाफ्यांत पसरून, उन्हात आटवून मीठ करायचा धंदा जुना होता. समुद्रापासून एवढ्या दूर मीठ महाग, मग विहिरीत आयते मिळाले तर कोण सोडेल? इंग्रजी अमलात मिठावर सरकारचा हक्क आला आणि हा धंदा बंद पडला. पुढे ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. देशभर जिथे किनारा होता तिथे लोक समुद्रावर गेले. वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांपुढे प्रश्न होता: आपण कायदा मोडायचा तर कशाचा? विदर्भात पुढे जंगल सत्याग्रह झाला, १० जुलै १९३० ला पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापले, तो याच अडचणीतून निघालेला मार्ग. पण त्याआधी एप्रिलमध्येच अकोल्याच्या सत्याग्रहींना दहीहंडा आठवले. त्यांनी विहिरीचे खारे पाणी काढले, चुलीवर चढवले आणि मीठ केले. ज्या पाण्याला पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या त्याने एकदा तरी गावाची शान राखली. शाळेच्या पुस्तकात दांडी होती, दहीहंडा नव्हते. आमच्या गुरुजींनी ते तोंडी सांगितले, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती हे मला आठवते.

मामाच्या विहिरीच्या कडेला, मोटेचे पाणी सांडायचे तिथे, चैत्रात पांढरा पापुद्रा यायचा. आम्ही पोरे तो बोटाने उचलून चाखत असू. आधी खारट, मग जिभेच्या मागे कडू. ते कडूपण पाण्याच्या दोन-तीन घोटांनी जात नसे, कारण पाणीही तेच.

पट्ट्यातल्या माणसांचे हाल मी गमतीने सांगतो आहे याची मला जाणीव आहे. त्यात गंमत काही नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांत मूत्रपिंडाच्या रोगाने घरेच्या घरे हैराण आहेत, आणि तिथला प्रत्येक माणूस बोट दाखवतो ते पाण्याकडे. ओलीत नाही म्हणून दुसरे पीक नाही, दुसरे पीक नाही म्हणून पोरे पुण्याला. बोअर मारून खाऱ्या पाण्यावर गहू घेण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांची जमीन चारसहा हंगामांत चोपण झाली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे लोक जिप्सम टाका, ढेंचा पेरून गाडा म्हणून सांगतात. ज्याला परवडते तो करतो.

पिण्याच्या पाण्याचे उत्तर शेवटी डोंगराकडूनच आले. वान नदी मेळघाटातून जिथे बाहेर पडते तिथे, वारी भैरवगडला, तिला अडवून धरण बांधले. त्याच्या पाण्यावर अकोटची ८४ खेडी योजना चालते. दर्यापूर-अंजनगावच्या गावांना शहानूर धरणाचे पाणी नळाने येते. दोन्ही धरणे काळ्या पाषाणाच्या दरीच्या तोंडाशी आहेत. घट्ट दगड दोन्ही बाजूंनी जवळ आला आहे, तिथे भिंत घालायला सोपे. गोड पाण्याला आता गोट्यावाळूतून, मातीतून, मिठातून यावे लागत नाही, ते लोखंडी नळातून थेट खाऱ्या गावात येते. येते तेव्हा येते. वानचे पाणी अकोला शहराला किती, खेड्यांना किती आणि तेल्हाऱ्याच्या शेतीला किती, यावर मोर्चे निघाले आहेत आणि पुढेही निघतील. शेतकरी म्हणतो धरण ओलितासाठी बांधले. खारपाणपट्ट्यातली बाई म्हणते मी काय पिऊ? दोघांचेही खरे असताना निवाडा कसा करायचा हे मला कळत नाही, आणि ज्यांना चटकन कळते त्यांच्याबद्दल मला शंका येते.

मामाने वयाच्या सत्तरीत शेततळे खणले. या पट्ट्यात शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरावा लागत नाही. जी चिकण माती मीठ खाली जाऊ देत नाही ती पावसाचे पाणीही जाऊ देत नाही. खड्डा खणा, ओघळ वळवा, भरते. एवढ्या पिढ्या ज्या मातीने अडवणूक केली तिला भांडे म्हणून वापरायचे, ही कल्पना मामाला फार पटली. जेसीबी लावला तेव्हा मी तिथे होतो. पुरुष-दीड पुरुष खोल झाल्यावर कृषी सहायक म्हणाला, काका, आता बस करा. मामाचा हुरूप ओसंडत होता.

"इतकं खंदलं तं अजून चार हात खंदू. कायले थांबा लागते?"

"खाली खारं लागंल काका. मंग वरचं गोडही जाईल."

मामाने खड्ड्यात उतरून तळाची माती हातात घेतली, चोळली, वास घेतला, जिभेला लावली. मग वर येऊन जेसीबीवाल्याला हाताने खूण केली: आवर.

त्या वर्षी तळे श्रावणातच भरले. कार्तिकात हरभऱ्याला त्याने स्प्रिंकलरने एक पाणी दिले. इंजिन शेजाऱ्याचे, डिझेल निम्मे निम्मे, आणि त्या निम्म्यावरून दोघांची जुंपली ती होळीपर्यंत मिटली नव्हती. हरभरा मात्र असा झाला की येणाऱ्याजाणाऱ्याला मामा घाटे सोलून दाखवायचा. मग एक दिवस तो तळ्यातली बादली घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला. हे गोड पाणी आहे, पावसाचे आहे, यात वरण लाव, म्हणाला. मामीने बादलीत वाकून पाहिले. पाणी चहाच्या रंगाचे, वर दोन काटक्या.

"हे तुमच्या हरभऱ्याले पाजा," ती म्हणाली. "माह्या गंजात नळाचंच पानी जाईन." आणि नळ यायला अजून दोन दिवस होते, म्हणून त्या रात्री आम्ही पिठलं खाल्लं.